चौथा चौकोन

आमच्या घरात शांतता झाली की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. बाबा पुढच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून, मागावर बसलेले असायचे. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी आपटायची, खटक् फट, खटक् फट, आणि हे सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत चालू. आई मागच्या पडवीत रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. आम्ही सगळे मागापेक्षा वरच्या आवाजात बोलायला शिकलो होतो, त्यामुळे आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला वाटायचं की या घरात सतत भांडण चाललेलं असतं. मधेच ठेका थांबला की आई चुलीपुढून मान वर करायची, तार तुटली की बाबांचा जीव घाबरा झाला, ते बघायला. हिवाळ्यात चुलीवर तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या असायच्या. भाकर, भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि जवळ जवसाची चटणी. बाबांना ठेचा खाल्ला की हमखास उचकी लागायची आणि तरी ते तो मागून घ्यायचे. नागपूरचा तो आमचा कोष्ट्यांचा मोहल्ला. घराघरातून माग चालायचे, आणि गल्लीतून चालताना एका घराचा ठेका सुटायच्या आत दुसऱ्या घराचा सुरू व्हायचा. आज माझ्या फ्लॅटमध्ये फ्रीजचा घुर्रर्र आवाज तेवढा असतो. तो बंद पडला तरी मी अजून दचकते.

मोहल्ल्याच्या मागे एक लांबट मोकळी जागा होती. सकाळी तिथे विणकर ताणा पसरून सुताला खळ लावायचे. दुपारपर्यंत ताणे उचलले जायचे आणि संध्याकाळी जागा आम्हा मुलींची व्हायची. खळीचा आंबूस वास मातीतच मुरलेला होता, तो आमच्या परकरांना लागून घरी यायचा. तिथे शेवंताबाई आम्हाला खो-खो शिकवायच्या. बाई शाळेत शिवणकाम शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि मनगटाला नाडीने बांधलेलं एक पुरुषी घड्याळ वापरायच्या. वयात आलेल्या पोरी परकर खोचून मैदानात धावणार म्हणताना आमच्या आयांनी आधी तोंडं वाकडी केली होती. बाई घरोघरी गेल्या, प्रत्येकीच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या, आणि उठताना पोरगी घेऊनच उठल्या. अशा आम्ही नऊ जणी झालो. दहावी काही शेवटपर्यंत मिळाली नाही.

खो-खो ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. आठ जणी एका रांगेत, आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, आणि शेजारच्या दोघी कधीच एका बाजूला तोंड करून बसत नाहीत. नववी पळणाऱ्या गड्याच्या मागे धावते. तिला रांग ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. म्हणून ती पाठमोऱ्या बसलेलीच्या पाठीवर हात ठेवते, ‘खो’ म्हणते आणि स्वतः तिच्या जागी बसते. जिला खो मिळाला ती उठून धावते. एवढाच खेळ. यात शहाणपण कशात आहे, तर मागे वळून न पाहण्यात. कोण आलं, का आलं हे बघायला मान वळवली की गडी निसटलाच. पाठीवर हात पडला की उठायचं, बस्स. हे अंगात भिनावं म्हणून बाईंनी एक सराव काढला होता, त्याला त्या आंधळा फेरा म्हणायच्या. बसलेल्या आठ जणींनी डोळे घट्ट मिटायचे. धावणारीचे उघडे, पण खो देऊन खाली बसली की तिनेही मिटायचे. बाई स्वतः खांबाशी, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि नुसत्या ऐकायच्या. खो, पावलं, खो, पावलं. ठेका चुकला की पाठमोऱ्याच ओरडायच्या. विणकरांच्या पोरींना ठेका काय तो सांगावा लागत नव्हता. आम्ही इतक्या तयार झालो की पाठीवर पडलेला हात कोणाचा हे डोळे मिटूनही कळायचं. इंदूचा म्हणजे धपाटाच. सुमीची नुसती दोन बोटं, मानेच्या जरा खाली, आणि बारीक घोगरा ‘खो’.

सुमी आमच्यापासून तिसऱ्या घरातली. तिचा आवाज लहानपणापासूनच बसका होता, त्यामुळे ती बोलायची कमी आणि हसायची जास्त. सगळ्यात जोरात मी धावायची. हे मी फुशारकीने सांगत नाही, खरं म्हणजे सांगतेच आहे, त्या वयात मला दुसरं काही येत नव्हतं. सुमी माझ्या निम्म्यानेही धावायची नाही. पण गड्याला पकडायची वेळ आली की ती स्वतः झेपावायच्या ऐवजी नेमक्या क्षणी नेमक्या मुलीला खो द्यायची, आणि गडी त्या मुलीच्या हातात येऊन पडायचा. टाळ्या त्या मुलीला. बाई म्हणायच्या, तुम्ही सगळ्या जिच्या जिवावर मिरवता ती ही आहे. आम्हाला ते ऐकून बरं वाटायचं नाही. प्रत्येक डाव सुरू होताना सुमी चौथ्या चौकोनात बसायची आणि मी पाचव्यात. एकमेकींच्या इतक्या जवळ, आणि तोंडं विरुद्ध बाजूंना.

त्या हिवाळ्यात शहरातल्या मंडळांची एक स्पर्धा होती. ती आम्ही जिंकलो नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच ढालीची वाट बघत बसतो. पण सेमीफायनल जिंकलो. सामन्याआधी हात-पाय मोकळे करायला आम्ही एक फेरा घेतला, तेव्हा मी सुमीला खो दिला आणि माझा तळवा चटकन मागे आला. तिची पाठ तापली होती. तिने मान किंचित हलवली, बोलू नको अशी. तिच्या घरी कळलं असतं तर तिला कोणी सोडलंच नसतं. पहिल्या डावात तिला तीनदा खो गेला आणि तिन्ही वेळा तिच्या हातून गडी सुटला. दुसरा डाव सात मिनिटांचा, आणि आम्हाला चार गडी बाद करायचे होते. मी त्या डावात चारदा चौथ्या चौकोनाच्या मागून गेले. चारही वेळा सुमीची पाठ समोर होती, जरा पुढे झुकलेली, तयार. मी खो दिला नाही. पुढच्या मुलीला दिला, किंवा खांबापर्यंत स्वतः धावले. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती आजारी होती, तिला त्रास नको म्हणून नाही दिला. तसं नव्हतं. मला जिंकायचं होतं. शेवटचा गडी मीच पकडला आणि पोरींनी मला खांद्यावर घेतलं. सुमी तेव्हाही चौकोनातच होती, कारण तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि तिला उठता येत नव्हतं.

परत येताना आम्ही दोघी मागे राहिलो. वाटेत एका गाडीवर इंदूने संत्री घेतली आणि सगळ्या सोलत, बिया थुंकत पुढे चालल्या होत्या. सुमीने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या पोलक्यातून तो तवा तापावा तसा लागत होता. मग कोणाची तक्रार करतेय असं मुळीच न वाटू देता म्हणाली, “पाठ तयार ठेवून बसली होती वं मी. एकबी खो नाही आला.”

मी म्हटलं, तशी वेळच आली नाही. ती हो म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास बसला होता, हेच मला आजपर्यंत सहन होत नाही.

तिला मोतीझिरा, म्हणजे टायफॉइड, झाला होता. अकराव्या दिवशी ती गेली. त्या दुपारी आमच्या गल्लीतले सगळे माग एकेक करून थांबले, आणि मी पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते ती हातातली शेंग तशीच धरून बसून राहिले. आईने माझ्यासमोरची शेंगांची परडी उचलून आत नेली आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.

फायनल आणखी पंधरा दिवसांनी होती. पाचव्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी नवव्या जागेसाठी कामठीहून आपली भाची आणवायचं ठरवलं होतं, पण तेरवी होईपर्यंत चौथ्या चौकोनात कोणी बसायचं नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे सात जणी बसणार, एक धावणार आणि एक चौकोन रिकामा. चौथ्यातली माती कोणीतरी सारवल्यासारखी सपाट केली होती. बाईंनी आंधळा फेरा लावला आणि आमच्याकडे पाठ केली. ऊन कलतं होतं, खळीचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता. मी पाचव्यात बसून डोळे मिटले. इंदू धावत होती. पावलं आली, ‘खो’ झाला, पुन्हा पावलं आली. मग माझ्या पाठीवर मानेच्या जरा खाली दोन बोटं टेकली आणि घोगरा ‘खो’ ऐकू आला. मी उठले. डोळे उघडले, चार ढांगांवर सहाव्या चौकोनातल्या मुलीला खो दिला, तिच्या जागी बसले आणि डोळे मिटले. यात मला काहीही वेगळं वाटलं नाही, आणि हे सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. ते इतकं नेहमीचं होतं.

बाई वळल्या तेव्हा खुश होत्या. पहिल्यांदाच एकही ठेका चुकला नाही म्हणाल्या. आम्ही डोळे उघडले. रिकामा चौकोन चौथा नव्हता. चौथ्यात इंदू बसली होती आणि पाचवा रिकामा होता. इंदूचा चेहरा उतरला होता. सवयीने तिचा हात चौथ्या चौकोनाकडे गेला, हवेतच खो दिला गेला, आणि मग फेरा मोडला म्हणून बाई ओरडतील या भीतीने ती गुपचूप तिथे बसून गेली. तिच्यानंतर धावायला कोणी नव्हतंच. आम्ही आठही जणी तेव्हा बसलेल्या होतो, डोळे मिटून. तिने मला विचारलं, “मंग तुले कोणं देल्ला?”

मी पाठीवर हात फिरवला. काही नव्हतं. बाईंना वाटलं पोरी थट्टा करतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरा लावला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कधी तो रिकामा चौकोन चौथाच राहायचा, आणि मग आम्ही सगळ्या हसायचो, जरा जास्तच. कधी बाई वळेपर्यंत तो दुसऱ्या टोकाला सातवा झालेला असायचा. कोणी कोणाला काही सांगायचं नाही, पण प्रत्येक जण मधेच एकदा तरी मुद्दाम त्या रिकाम्या जागेवर खो देते, हे मला आवाजावरून कळत होतं. मीही देत होते. का देते, ते मला माहीत होतं. बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं.

गोष्ट घरांत पोचायला वेळ लागला नाही. एकीच्या दंडात काळा दोरा आला, दुसरीच्या केसांत बिब्बा. आईने माझ्यावरून मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली, ती तडतडली नाही, आणि आई बाबांकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, मोहरी जुनी असंल. पण त्या दिवसापासून मी मैदानावर निघाले की ते माग थांबवायचे, आणि मी परत येऊन पाय धुतले की सुरू करायचे. आमच्या घरातली ती शांतता मला मैदानापर्यंत ऐकू यायची.

तेरवीचं जेवण झालं. सुमीच्या आईने आम्हा आठ जणींना एका पंगतीत बसवून वाढलं, आणि पानं मांडतानाच तिसरी-चौथीच्या मधे थोडी जागा सोडली होती. तिने ते जाणून केलं असं मला वाटत नाही. त्याच संध्याकाळी बाईंनी आम्हाला मैदानावर उभं केलं. भाची दुसऱ्या दिवशी येणार होती, पण नव्या पोरीला त्या चौकोनात बसवायला बाईंचं मन घेईना. आमच्यापैकी कोण चौथ्यात बसते, त्यांनी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं. इंदू, जी कोणाच्या बापाला भीत नव्हती, ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मग बाई म्हणाल्या की असंच असेल तर त्या आत्ता जाऊन फायनलमधून आपलं नाव काढून घेतात. नऊ जणी उतरल्या तरच संघ, नाहीतर आपापल्या घरी जाऊन कांड्या भरा.

मला संघ मोडायची भीती नव्हती. ही भीती होती की संघ मोडला तर मी हे कोणालाच कधी सांगू शकणार नाही, आणि सुमी मात्र मला रोज विचारायला येईल. मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी मी सुमीले खो नाही देल्ला. चारदा मागून गेली. मुद्दाम नाही देल्ला.”

मला वाटलं आता पोरी मला फाडून खातील. इंदू मातीकडेच बघत म्हणाली, “मीबी.”

मग तिसरी बोलली, चौथी बोलली. प्रत्येकीने सामन्याआधी तिच्या पाठीला हात लावला होता, प्रत्येकीला ताप कळला होता, आणि प्रत्येकीने आपल्याशीच ठरवलं होतं की हिला आता खो द्यायचा नाही. एकीने दोनदा टाळलं होतं, एकीने पाचदा. सामन्यात सगळ्यांचे डोळे गड्यावर, आणि मागे बघायचं नाही ही आमची शिकवण. म्हणून प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीनेच टाळलं, बाकीच्यांनी दिला असेल. सुमीचं ‘एकबी खो नाही आला’ हेही मी फक्त माझ्याच खोबद्दल आहे असं धरलं होतं. आम्ही नागपुरातला सगळ्यात उत्तम ठेक्याचा संघ होतो, आणि आमच्या आठ जणींच्या मधे एक मुलगी सात मिनिटं जागची हलली नव्हती, याची आम्हाला खबर नव्हती. मला आठवतं, मला आधी फार मोठा हलकेपणा वाटला, मी एकटी नव्हते म्हणून. आणि लगेच त्याची शिसारी आली.

शेवंताबाईंनी मनगटावरच्या नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“सात मिनिटं पोरगी उठली नाही. मी पाहून राहिली होती. घड्याळ माह्या हातात होतं. जिंकून राहिलो तं कशाले बोला, म्हटलं.”

मग त्या म्हणाल्या, बसा. आंधळा फेरा.

आम्ही बसलो. मी पाचव्यात, चौथा रिकामा, इंदू धावायला. बाई या वेळी पाठ करून उभ्या राहिल्या नाहीत. मी डोळे मिटले. इंदूची पावलं आली, पहिलाच खो तिने मोठ्याने, स्पष्ट, चौथ्या चौकोनात दिला, आणि ती तिथे बसल्याचं मला माझ्या उजव्या खांद्याशी कळलं. आता आठही चौकोन भरले होते. धावणारी तेवढी राहिली होती.

आधी काहीच नव्हतं. मग खांबाकडून मातीवर अनवाणी पावलं वाजू लागली, हलकी, न थांबणारी. ती माझ्या मागून गेली. पाठीवरचं पोलकं वाऱ्याने हलावं तसं हललं. मी पाठ पुढे झुकवली, तयार केली. पावलं पुढे गेली, खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आली, सगळ्यांच्या मागून जात राहिली, आणि कुठेही खो झाला नाही. ती पुन्हा आली. मी मनात म्हणत होते, दे, आता दे, मला दे. तिसऱ्या वेळी ती माझ्या मागे क्षणभर थांबली असं मला वाटलं आणि मी श्वास धरला. ती पुढे गेली. माझ्या मांड्या पेटल्या, मग पोटऱ्यांना मुंग्या आल्या, मग पाय माझे राहिलेच नाहीत. शेजारी इंदू दात आवळून रडत होती. कोणीही डोळे उघडले नाहीत. इतक्या लांबलचक वेळात मी काय काय आठवलं ते आज सांगता येणार नाही, पण एक पक्कं कळलं की पाठ तयार ठेवून वाट बघणं हे धावण्यापेक्षा फार मोठं काम आहे, आणि ते तिने तापात केलं होतं, आमच्यावर विश्वास ठेवून.

पावलं कधी थांबली ते कळलं नाही. बाई म्हणाल्या, “सात मिनिटं झाली. उठा पोरीहो.”

कोणी उठलं नाही. डोळे मिटलेलेच ठेवून इंदू म्हणाली, “खो नाही आला बाई. उठाचं कसं?”

बाईंनी चपला काढल्याचा आवाज आला. मग त्या रांगेच्या टोकाला आल्या, लुगड्याचा काठ सावरत, गुडघे कटकन वाजवत खाली उकिडव्या बसल्या, आमच्यासारखीच पाठ पुढे झुकवून. दिवेलागण होऊन मोहल्ल्यातले माग बंद झाले तरी आम्ही तशाच बसून होतो.